ऊर्जा धोरण ठरवणाऱ्यांना खुलं पत्र: तुमच्या तक्त्यात तारखेचा रकाना कुठाय?

विजेचं नियोजन करणारे, त्याला पैसे मंजूर करणारे आणि शेवटी फाइलवर सही करणारे, जगात जिथे कुठे असाल तिथल्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी बरीच वर्षं ग्रिडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या, कंट्रोल रूममध्ये शिफ्ट ड्युटी केली आहे. समोर भिंतभर स्क्रीन आणि त्यावर मोठ्या आकड्यात विजेची फ्रिक्वेन्सी, जी ५० हर्ट्झला धरून ठेवायची असते, ५०.०२, ४९.९८, ५०.०१ अशी दिवसभर जरा जरा हलत राहणारी. बाहेरून आलेल्या माणसाला त्यात काहीच दिसत नाही पण शिफ्टवरचा माणूस फोनवर बोलत असला तरी त्याचा अर्धा जीव त्या आकड्यात असतो, कारण मागणी आणि निर्मिती यांचं गणित त्या क्षणाला जुळतंय की नाही ते तिथे दिसतं. उद्या जुळून चालत नाही, सरासरीत जुळून तर अजिबात चालत नाही.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे तुमचे आराखडे मी मन लावून वाचतो, आणि प्रत्येक वेळी तोच गोल आलेख दिसतो. २०४० मध्ये अणुऊर्जा इतके गिगावॅट, सोलर इतके, पवनऊर्जा इतके. रंग छान, टक्केवारी छान, पण मला ज्या दोन गोष्टी हव्या असतात त्या त्यात नसतात. पहिली, यातली विजेची पहिली युनिट कुठल्या तारखेला ग्रिडवर येणार. दुसरी, दिवसाच्या कुठल्या तासाला येणार. म्हणजे एक कॅलेंडरचा प्रश्न आणि एक घड्याळाचा. अणुऊर्जा विरुद्ध सोलर-पवन हा सगळा वाद याच दोन प्रश्नांवर उभा आहे असं मला मनापासून वाटतं. बाकीचं बरंचसं भांडण आवडीनिवडीचं आहे, काहींना अणू म्हटलं की भीती वाटते आणि काहींना सोलर म्हटलं की तो खेळ वाटतो.

गंमत बघा, दोघांचा जन्म एकाच वर्षातला, १९५४ चा. एप्रिलमध्ये अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल दाखवला, तो प्रकाशातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. दोनच महिन्यांनी जूनमध्ये सोव्हिएत युनियनमधल्या ओबनिन्स्कला ५ मेगावॅटची अणुभट्टी ग्रिडला जोडली गेली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस म्हणाले की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावून मोजण्यात अर्थ राहणार नाही. तेव्हा सोलर सेल उपग्रहावर लावायच्या लायकीची महागडी वस्तू होती आणि खरा भविष्यकाळ अणूचाच आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

आणि पुढची काही दशकं ते खरंही ठरत होतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फ्रान्सने १९७४ मध्ये तेलसंकटानंतर अणुवीज वाढवायची मेसमेर योजना हाती घेतली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पन्नासच्या वर रिअ‍ॅक्टर उभे केले, आजही त्यांची साधारण दोन तृतीयांश वीज तिथूनच येते. इतक्या कमी वेळात कोळसा-तेलातून बाहेर पडायचं हे काम त्या काळात दुसऱ्या कुठल्याही तंत्रज्ञानाने झालं नसतं. जगाच्या विजेत अणूचा वाटा १९९६ च्या सुमाराला साडेसतरा टक्क्यांपर्यंत गेला होता. आज तो ९ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि सोलर आणि पवन मिळून २०२१ मध्येच त्याच्या पुढे गेले.

असं का झालं? अपघातांमुळे, हे सोपं उत्तर आहे आणि ते अर्धंच खरं आहे. मोठं कारण बांधकामाच्या जागेवर सापडतं.

फिनलंडचा ओल्किलुओटो-३ घ्या. काम २००५ ला सुरू, २००९ ला वीज द्यायची ठरलेली, नियमित उत्पादन सुरू झालं एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्सचा फ्लामानव्हिल-३, तोच देश ज्याने आधी पन्नास रिअ‍ॅक्टर धडाधड बांधले होते, २००७ ला सुरू केला, २०१२ ला संपायचा होता, ग्रिडला जोडला गेला डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्चाचा अंदाज ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या पुढे गेला. अमेरिकेत व्होगलचे दोन रिअ‍ॅक्टर १४ अब्ज डॉलरच्या अंदाजाने सुरू झाले आणि २०२३-२४ मध्ये पूर्ण झाले तेव्हा आकडा ३० अब्जांच्या वर होता. साउथ कॅरोलिनामधला तसाच जोड प्रकल्प तर ९ अब्ज डॉलरच्या आसपास ओतून २०१७ ला अर्धवट सोडून दिला, तिथल्या ग्राहकांना एक युनिटही न मिळता बिलात पैसे भरावे लागले. मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट सर्वात जास्त लागते.

हे लोक मूर्ख नव्हते हो. त्यांच्यात जगातले उत्तम इंजिनिअर होते. पण वीस वर्षं रिअ‍ॅक्टर बांधले नाहीत की ज्याला तसलं वेल्डिंग येतं तो माणूस रिटायर होतो, पार्ट बनवणारे कारखाने दुसऱ्या कामाला लागतात, डिझाइन पूर्ण व्हायच्या आधी काँक्रीट ओतायला घेतात आणि मग ओतलेलं फोडावं लागतं. उलट उदाहरणही आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. संयुक्त अरब अमिरातीतला बराकाह, कोरियन कंपनीने चार एकसारखे रिअ‍ॅक्टर एकापाठोपाठ बांधले, २०१२ ला सुरू, पहिला २०२० मध्ये ग्रिडवर आणि चौथा २०२४ मध्ये, आणि देशाची पाव वीज त्यातून येते. उशीर त्यालाही झाला, पण काम झालं. चीन पाच-सहा वर्षांत रिअ‍ॅक्टर उभा करतो. म्हणजे जो सतत बांधतो, एकच डिझाइन पुन्हा पुन्हा बांधतो, त्याला जमतं. एखाद-दुसरा रिअ‍ॅक्टर हौसेने बांधायला घेणाऱ्याला जमत नाही. तुम्ही यातले कोण आहात हे तुम्हीच स्वतःला विचारा, आणि उत्तर एक-दोन रिअ‍ॅक्टर असं असेल तर कृपा करून तुमच्या तक्त्यातली तारीख आत्ताच दुप्पट लांब लिहा.

उशिराचा दुसरा मार व्याजाचा. अणुप्रकल्पात इंधन स्वस्त असतं, खर्च जवळपास सगळा बांधकामाचा, आणि तो सगळा आधी करायचा. ८ टक्क्यांनी घेतलेला पैसा ९ वर्षांत दुप्पट होतो. एकही युनिट विकली नाही आणि कर्ज दुप्पट, हे कुठलाही व्यापारी ऐकूनच घेणार नाही.

आता सोलरची साइट बघा. मी एका साइटवर कमिशनिंगच्या, म्हणजे प्रकल्प चालू करायच्या, वेळी गेलो होतो. एका टोकाला खांब ठोकायचं मशीन अजून चालू होतं, मधल्या पट्ट्यात पोरं पॅनल चढवत होती आणि मागच्या बाजूचे काळे-लाल कनेक्टर हाताने टिक करून एकमेकात बसवत पुढे सरकत होती, आणि या टोकाचे इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारी यंत्रं, कधीच वीज द्यायला लागले होते. म्हणजे प्रकल्प अर्धा बांधलेला आणि वीज विकणं सुरू. एखादा पॅनल खराब निघाला तर तेवढा एक काढून दुसरा लावला, कुणालाही मोठी मीटिंग घ्यावी लागली नाही. चूक झालीच तर ती लहान असते, लगेच सापडते आणि पुढच्या रांगेत सुधारली जाते. जगभर अशा कोट्यवधी रांगा लागल्या म्हणूनच हे शिकणं इतकं भराभर झालं. एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की पॅनलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते असा अनेक दशकांचा अनुभव आहे, आणि २०१० नंतरच्या दशकातच सोलर विजेचा खर्च ९० टक्क्यांच्या आसपास खाली आला. ६ टक्क्यांचा तो सेल आज बाजारातल्या साध्या पॅनलमध्ये २० टक्क्यांच्या वर गेलाय.

पण तुमच्याकडचे सोलरवाले एक गोष्ट करतात ती मला अजिबात आवडत नाही, ते गिगावॅटची गिगावॅटशी तुलना करतात. १ गिगावॅटचा रिअ‍ॅक्टर नीट चालला तर वर्षाला ९० टक्के वेळ पूर्ण ताकदीने चालतो, म्हणजे साधारण ७९० कोटी युनिट. १ गिगावॅट सोलर चांगल्या उन्हात २० टक्के धरा, १७५ कोटी युनिट. म्हणजे एका रिअ‍ॅक्टरच्या जागी साडेचार गिगावॅट सोलर लागतं, ढगाळ देशात आठ-नऊसुद्धा. हे लपवू नका, लपवायची गरजच नाही, कारण २०२४ या एका वर्षात जगात साडेचारशे गिगावॅटच्या वर सोलर बसलं. मधला आकडा म्हणून सहाने भागा. पंचाहत्तर रिअ‍ॅक्टरांएवढी वर्षाची वीज, एका वर्षात. त्याच वर्षी ग्रिडला जोडलेले नवे रिअ‍ॅक्टर दहाच्या आत होते. कॅलेंडरच्या प्रश्नाचं उत्तर मला यापेक्षा स्पष्ट देता येत नाही.

राहिलं घड्याळ. इथे अणूवाल्यांचा मुद्दा खरा आहे आणि मी तो अंगावर झेलला आहे. सूर्य कलला की स्क्रीनवरची सोलरची रेघ घसरायला लागते, आणि नेमकं त्याच दीड-दोन तासात लोड, म्हणजे विजेची मागणी, चढतो, लोक घरी येतात, दिवे लागतात, पंखे, एसी, पंप. दोन रेघा उलट दिशेने पळतात आणि मधली दरी भरायला तुम्हाला पाणी सोडावं लागतं, गॅस चढवावा लागतो, कोळशाचं युनिट आधीच गरम ठेवावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी २०१३ मध्ये हा ग्राफ काढला आणि त्याच्या आकारावरून त्याला बदकाचं नाव पडलं. त्या वेळी बऱ्याच जाणत्या लोकांनी सांगितलं होतं की सोलरची गाडी इथे अडणार. आम्हीही शिफ्टमध्ये हेच बोलायचो, मी स्वतः बोलायचो.

आणि मग बॅटरीचं गणित बदललं. लिथियम बॅटरीचा पॅक २०१० मध्ये एका युनिटच्या साठ्याला १००० डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ च्या आसपास आला. त्याच कॅलिफोर्नियात आज १० गिगावॅटच्या वर बॅटऱ्या आहेत, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी काही वेळ तरी ग्रिडला सर्वात जास्त वीज देणारा स्रोत बॅटरीच होता. ज्याने ती संध्याकाळची घसरण हाताने सांभाळली आहे त्याला याचा अर्थ विचारा. साउथ ऑस्ट्रेलियात २०१६ ला पूर्ण राज्य अंधारात गेलं होतं, पुढच्याच वर्षी त्यांनी हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी करार झाल्यापासून १०० दिवसांच्या आत उभी केली. आज तिथली ७० टक्क्यांच्या आसपास वीज ऊन आणि वाऱ्याची आहे.

म्हणजे माझं म्हणणं थोडक्यात असं की सोलर-पवनची अडचण घड्याळाची होती आणि ती दर वर्षी थोडी थोडी सुटत चालली आहे, अणूची अडचण कॅलेंडरची आहे आणि ती गेल्या तीस वर्षांत बहुतेक देशांत वाढतच गेली आहे.

पूर्ण सुटली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बॅटरी तासांचं काम करते, आठवड्यांचं करत नाही. जर्मनीत २०२४ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये असे दिवस आले की वारा पडलेला, आकाश करडं, आणि विजेचे भाव कडाडले. यावर कुणी म्हणेल लावा अजून बॅटऱ्या, तर हिशेब करा. संध्याकाळची बॅटरी वर्षात ३६५ वेळा भरते-रिकामी होते, तिचा खर्च तितक्या वेळात वाटला जातो. आठवडाभराच्या शांत हवेसाठी ठेवलेली बॅटरी वर्षात तीन-चार वेळा कामाला येणार, मग तिची प्रत्येक युनिट किती महाग पडेल? मग लोक म्हणतात, बघा, म्हणूनच अणू हवा. पण तोच हिशेब अणूलाही लागतो ना! रिअ‍ॅक्टरचा खर्च बांधकामाचा आहे, तो बंद ठेवून काही वाचत नाही, त्याला वर्षभर पूर्ण चालवला तरच तो परवडतो. वर्षातल्या तीन वाईट आठवड्यांसाठी रिअ‍ॅक्टर राखून ठेवणं हे सर्वात महागडं राखीव ठेवणं आहे. त्या आठवड्यांसाठी धरणाचं पाणी, दूरच्या प्रदेशांना जोडणाऱ्या लांब लाइन, मागणी थोडी पुढे ढकलायला तयार असलेले कारखाने, आणि हो, काही वर्षं तरी क्वचितच पेटवली जाणारी गॅसची युनिटं, हेच लागणार आहे. मला गॅस आवडत नाही पण वर्षात दोनशे तास चालणारा गॅस आणि वर्षभर चालणारा कोळसा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अणू म्हणजे कायम चालणारी वीज, हे वाक्य तुमच्या प्रत्येक भाषणात असतं. एक रात्र सांगतो. पहाटेचे साडेतीन, लोड शांत, एक हजार मेगावॅटच्या घरातलं अणुयुनिट एकदम ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. कारण साधंच होतं, कुठलातरी व्हॉल्व्ह, भट्टीला काही धोका नव्हता, संरक्षण यंत्रणेने तिचं काम चोख केलं. पण आमच्याकडे तो आकडा ५०.०० वरून बघता बघता ४९.७ च्या खाली आला, फोन वाजायला लागले, आणि जलविद्युतवाल्यांनी दीड मिनिटात पाणी सोडलं म्हणून सावरलं. ढगामुळे सोलर कमी होतं ते मिनिटामिनिटाने, आणि त्याचा अंदाज आदल्या दिवशी येतो. हजार मेगावॅट एका सेकंदात जातात त्याचा अंदाज येत नाही, म्हणून त्याच्यासाठी तेवढंच राखीव रोज तयार ठेवावं लागतं. वर त्या युनिटमध्ये झेनॉन साठला. काही डिझाइनमध्ये असं असतं की भट्टी बंद पडल्यावर थोड्याच वेळात परत चालू केली नाही तर आत झेनॉन वायू वाढत जातो, तो न्यूट्रॉन खाऊन टाकतो, आणि मग दीड दिवस थांबण्याशिवाय इलाज नसतो. आम्ही तो दीड दिवस जुळवाजुळवीत काढला. यात अणूला नावं ठेवायची नाहीत मला. कुठलंही यंत्र कायम चालत नाही एवढंच, आणि एकाच ठिकाणी खूप मोठं यंत्र ठेवलं की ते पडल्याचा आवाजही मोठा येतो. फ्रान्समध्ये २०२२ ला पाइपांत गंजाच्या भेगा सापडल्या आणि एका वेळी निम्म्याच्या आसपास रिअ‍ॅक्टर बंद होते, जो देश शेजाऱ्यांना वीज विकायचा त्याला त्या वर्षी बाहेरून घ्यावी लागली. एकच डिझाइन पुन्हा पुन्हा बांधायचा फायदा मी वर सांगितला, त्याच नाण्याची ही दुसरी बाजू.

सुरक्षेबद्दल फार लिहीत नाही, पण दोन शब्द. फुकुशिमाला २०११ मध्ये भूकंप झाला तेव्हा भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर. साखळी क्रिया थांबली तरी इंधन तापतच राहतं, ३००० मेगावॅट उष्णतेची भट्टी बंद केली त्या क्षणालाही २०० मेगावॅटच्या आसपास उष्णता आत तयार होत असते, ती हळूहळू कमी होते, आणि तोपर्यंत पाणी फिरवत राहावंच लागतं. चौदा-पंधरा मीटरच्या लाटेने डिझेल जनरेटर बुडवले आणि पाणी फिरायचं थांबलं. दीड लाखाच्या वर लोकांना घरं सोडावी लागली, आणि त्या स्थलांतराच्या हालात दोन हजारांच्या वर माणसं गेली, ज्यात म्हातारी माणसं जास्त होती. किरणोत्सर्गामुळे झालेला असा सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. हे दोन्ही आकडे एकत्र सांगा, एकच सांगून कुणाला भीती घालू नका आणि एकच सांगून कुणाची समजूतही काढू नका. दर युनिटमागे बघितलं तर अणू, पवन आणि सोलर तिघंही कोळशाच्या तुलनेत कितीतरी पटींनी सुरक्षित आहेत. कार्बनचंही तेच, हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या समितीच्या २०१४ च्या अहवालात कोळशाला युनिटमागे ८२० ग्रॅम धरलेत, मोठ्या सोलर प्लांटला ४८ आणि अणूला १२. आपला शत्रू कोळसा आहे. हे दोघं एकमेकांचे शत्रू नाहीत.

म्हणूनच मला जर्मनीचा निर्णय पटला नाही. १५ एप्रिल २०२३ ला त्यांनी शेवटचे तीन रिअ‍ॅक्टर बंद केले, चालते, बांधकामाचे पैसे फिटलेले, आणि कोळशाची युनिटं मात्र मागे चालू राहिली. नवा रिअ‍ॅक्टर बांधणं आणि बांधलेला चालू ठेवणं हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत, तुमच्या चर्चेत ते सारखे एकत्र मिसळतात. बांधलेल्याचा सर्वात मोठा खर्च होऊन गेलाय, त्याची तपासणी करा, पार्ट बदला, सुरक्षित असेल तोवर चालवा आणि त्याच्या आधी कोळसा बंद करा.

कचऱ्याचाही मुद्दा दोन्हीकडे आहे. युरेनियमची एक गोळी बोटाच्या पेराएवढी, सातेक ग्रॅमची, आणि तिच्यात टनभर कोळशाची ऊर्जा. १ गिगावॅटच्या रिअ‍ॅक्टरला वर्षाला पंचवीसेक टन इंधन पुरतं, त्यामुळे कचरा आकाराने लहान, पण हजारो वर्षं सांभाळायचा. फिनलंडने ओन्कालो नावाचं भुयार चारशे मीटरपेक्षा खोल खडकात खोदलंय, बाकी बहुतेक देश अजून समित्या नेमतायत. सोलरच्या पॅनलचा डोंगर अजून दिसत नाही कारण बरेचसे पॅनल नवे आहेत, पण पंचवीस-तीस वर्षांनी ते उतरवावे लागणारच. रिसायकलिंगचा नियम तेव्हा केलात तर ती तहान लागल्यावर विहीर खणणं होईल. आणि पुरवठ्याचं म्हणाल तर पॅनल बनवायची प्रत्येक पायरी ८० टक्क्यांच्या वर एकट्या चीनमध्ये आहे, हे मला काळजीचं वाटतं. युरेनियमचं ४० टक्क्यांच्या आसपास खाणकाम कझाकस्तानात आणि समृद्धीकरणाची, म्हणजे त्याचं इंधन होण्याजोगं करण्याची, मोठी क्षमता रशियाकडे, तेही तितकंच काळजीचं. फरक इतकाच की पॅनल एकदा घेतला की तो पंचवीस वर्षं कुणाला न विचारता चालतो.

छोट्या मॉड्युलर रिअ‍ॅक्टरबद्दल मला खरंच आशा आहे. कारखान्यात बनवायचे, एकसारखे, म्हणजे सोलरने जे शिकून दाखवलं तेच अणूने करायचं, कल्पना उत्तम आहे. रशियाचा तरंगता प्लांट २०२० पासून आणि चीनची गोळ्यांच्या इंधनाची भट्टी २०२३ पासून चालू आहे. पण अमेरिकेतला नूस्केल कंपनीचा पहिला मोठा प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये खर्च वाढल्यामुळे रद्द झाला. संशोधनाला पैसा द्या, दोन-चार बांधून बघा, भरपूर बघा. फक्त जे अजून उभं नाही त्याच्या भरवशावर आज उभं राहू शकणारं थांबवू नका. मला भीती याचीच वाटते, की "पुढे अणू येणारच आहे" हे वाक्य वापरून आजची ट्रान्समिशन लाइन पुढे ढकलली जाते आणि मधल्या पंधरा वर्षांत कोळसा निवांत जळत राहतो.

दुबईच्या हवामान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये दोन वचनं दिली गेली ती आठवा. अक्षय ऊर्जा तिप्पट, २०३० पर्यंत. अणुऊर्जा तिप्पट, २०५० पर्यंत, हे वीसेक देशांचं. या दोन तारखांमध्ये वीस वर्षं आहेत आणि हवेत कार्बन साठतो तो या वीस वर्षांतच.

आता तुमच्याकडे काय मागायचंय ते सांगतो. पैसा कमी पडतोय असं तुम्ही म्हणता पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा निदान ३००० गिगावॅटचे अक्षय ऊर्जेचे प्रकल्प जगभर ग्रिड जोडणीसाठी रांगेत होते, त्यातले निम्मे पुढच्या टप्प्यावर पोचलेले. प्लांट तयार, लाइन नाही. सबस्टेशनला ट्रान्सफॉर्मर नाही. लाइनच्या परवानगीची फाइल कुठल्यातरी टेबलावर. हे टेबल तुमचं आहे.

दुसरं नियमांचं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा लगेच सोलरला दोष देऊन मोकळे झाले लोक. तपासात दिसलं की व्होल्टेज हाताबाहेर चढलं आणि प्लांट एकामागून एक सुटत गेले. आजचा इन्व्हर्टर व्होल्टेज सांभाळू शकतो, फ्रिक्वेन्सीला आधार देऊ शकतो, पण नियमाने त्याच्याकडून ते मागावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. जुन्या प्लांटचं जड फिरतं चाक ग्रिडला आपोआप जो धीर द्यायचं तो आता विचारपूर्वक विकत घ्यायचाय, बॅटरीकडून, सिंक्रोनस कंडेन्सरकडून (इंधन न जाळता ग्रिडला आधार देत फिरणारं जड यंत्र), जिथून मिळेल तिथून. ग्रिडचा नियम वीस वर्षांपूर्वीचा ठेवून त्यावर निम्मं सोलर चढवलंत तर पुढची रात्र माझ्यासारख्याच कुणाच्या तरी शिफ्टमध्ये येईल.

आणि तिसरं, तो रकाना. प्रत्येक प्रकल्पापुढे, अणू असो, सोलर असो, धरण असो, पहिल्या युनिटची तारीख लिहा, त्याच्यापुढे वीज कुठल्या तासांत मिळणार ते लिहा, आणि त्याच्यापुढे तारीख चुकली तर जास्तीचा पैसा कोण भरणार, कंपनी की ग्राहक, ते लिहा. दर वर्षी तोच तक्ता नव्या तारखांसह प्रसिद्ध करा, जुन्या तारखा न खोडता. ज्या देशात वर्षानुवर्षं सलग रिअ‍ॅक्टर बांधायची तयारी, माणसं आणि जागा आहे, जिथे हिवाळ्यात ऊन नसतं, जमीन कमी आहे, तिथे या तक्त्यात अणू स्वतःच्या बळावर टिकेल आणि मी त्याच्या बाजूने बोलेन. बाकी ठिकाणी पुढची दहा वर्षं पैसा लाइन, बॅटरी, पंप स्टोरेज (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची), सोलर आणि पवन याकडे गेला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तक्ता भरायला बसलात की तुमचंही होईल असं वाटतं.

जोडणीच्या रांगेत थांबलेल्या प्रकल्पांची यादी, कुठला किती महिने आणि कुठल्या सहीसाठी अडलाय यासकट, पुढच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर छापा. मी वाट बघतोय.

आपला,
संध्याकाळच्या शिफ्टचा एक कंट्रोल रूम इंजिनिअर